शीव, मान आणि फासा: आधुनिक भूतखेळांच्या नियमपद्धती आणि वसईचा खाडीकाठ

टेबलाभोवती बसून तोंडी कथनाच्या आधारे जे खेळ खेळले जातात आणि ज्यांना 'टेबलटॉप रोलप्लेइंग' असे नाव पडले आहे, त्यांत प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होऊन पात्रांपुढची परिस्थिती वर्णन करतो व उरलेली सर्व पात्रे स्वतःकडे ठेवतो, आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निकाल फासे टाकून लावला जातो. पात्राचे बळ आकड्यांत कसे मांडायचे, पडलेले दान कसे वाचायचे, इजा, भीती आणि मृत्यू यांचे हिशेब कसे ठेवायचे हे सांगणाऱ्या नियमांच्या संचाला नियमपद्धती म्हणता येईल. आणि तीच पात्रे घेऊन महिनोन्‌महिने चालणाऱ्या कथेला खेळाडू मोहीम म्हणतात. आजच्या काळातील एखाद्या शहरात भुतेखेते, देवस्थाने आणि माणसे एकत्र नांदत आहेत अशी मोहीम मांडायची तर कोणती नियमपद्धती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा आणि सोयीचा वाटतो. परंतु १९७४ पासूनचा या खेळांचा इतिहास तपासला तर असे दिसते की प्रत्येक नियमपद्धतीच्या पोटात भूत म्हणजे काय याविषयीचे एक ठाम मत असते, आणि ते मत खेळाच्या भूमीतील लोकसमजुतीशी जुळत नसेल तर कथा एका वाटेने जाते आणि हिशेब दुसऱ्या.

या विधानाची परीक्षा पाहण्यासाठी पालघर जिल्ह्यातील नायगाव ही भूमी घेता येईल. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग भाईंदर सोडल्यावर वसईच्या खाडीवर येतो, मध्ये पाणजू बेटाची जमीन लागते आणि पलीकडच्या काठावर नायगाव स्थानक येते. बी.बी.सी.आय. कंपनीचा हा लोहमार्ग १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १८६७ साली विरारहून बॅक बेपर्यंत प्रवासी गाडी धावू लागली, म्हणजे खाडीवरच्या पुलाला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. रुळांच्या पश्चिमेला कोळीवाडा आणि उमेळे, पूर्वेला मिठागरे, भरतीचे पाणी शिरणारी खाजणे आणि त्यांच्यापलीकडे टेकडीवर चंडिकादेवीचे मंदिर असलेले, रांगोळीकारांसाठी नावाजलेले जूचंद्र, अशी ही रचना आहे. गेल्या काही दशकांत याच पूर्वेकडच्या सपाट जमिनीवर उंच इमारतींच्या वसाहती उठल्या आणि दूरचित्रवाणी मालिकांचे स्टुडिओही आले, त्यामुळे प्लायवूडचे राजवाडे आणि मिठाचे ढीग एकमेकांच्या शेजारी उभे असलेले पाहायला मिळतात. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रशासनाच्या हद्दी अशा दोनदा बदलल्या, गावांच्या जुन्या शिवा मात्र ग्रामदेवतेच्या पालखीच्या वाटेत आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात राहिल्या.

खाडीच्या मुखाशी असलेल्या वसईच्या किल्ल्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि दोनशेहून अधिक वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी तो जिंकला. येथे महत्त्वाची आहे ती या विजयाशी जोडलेली परंपरा: मोहिमेवर निघालेल्या चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि किल्ला हाती आल्यावर देवीचे मंदिर बांधून तो फेडला, असे सांगितले जाते. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेण्यात आल्या आणि मेणवली, भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ अशा ठिकाणी आजही पोर्तुगीज घंटा टांगलेल्या दिसतात. नवस फेडला गेला, पण मूळ जागेवरून उचललेल्या घंटेचे देणे कोणाकडे आणि कोणाला, हा प्रश्न इतिहासकाराला पडणार नाही. अलौकिक मोहिमेच्या सूत्रधाराला तो पहिल्याच बैठकीत पडावा.

कोकणातील भूतविषयक समजुतींची पद्धतशीर नोंद ब्रिटिश अमदानीत झाली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांनी लोकाचाराच्या मुळाशी असलेल्या भूतकल्पनांवर लिहिले आणि त्यांच्यानंतर हे काम आर्थर जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने प्रश्नावलीच्या मार्गाने पुढे नेले. प्रश्नांच्या याद्या ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडे पाठवायच्या आणि त्यांनी गावात विचारपूस करून उत्तरे लिहून धाडायची, अशी ती रीत होती. हाच जॅक्सन नाशिकचा जिल्हाधिकारी असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडला. त्याने जमवलेली टिपणे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केली आणि कोकणावरचा भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. वसाहतीच्या कारभारासाठी जमवलेली ही माहिती आहे, मास्तरांच्या जातीचा आणि शिक्षणाचा रंग तिच्यावर आहे, तरीही कोकणी भुतांची एवढी तपशीलवार यादी त्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडते.

त्या यादीत वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, चेडा, म्हसोबा, जाखीण, लावसट, हडळ अशी नावे क्रमाने येतात आणि प्रत्येकाच्या उत्पत्तीचे कारण दिलेले असते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते. सवाष्ण मेली तर जाखीण, विधवा मेली तर लावसट. वारस नसताना द्रव्य मागे टाकून गेलेला समंध होऊन ठेव्यावर बसतो. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा होतो आणि रात्रीच्या वाटसरूला भुलवून खोल पाण्यात ओढतो, परंतु त्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याचा तो चाकर बनतो. देवचार गावाच्या चारी बाजूंना राहतो आणि वर्षातून एकदा नारळ, केळी, कोंबडे असा त्याचा मान दिला की गावाची राखण करतो. चेडा किंवा चेडोबा ठाणे-पालघर पट्ट्यात शिवेवरचा, रानाचा आणि वाटेचा म्हणून ओळखला जातो.

नावे बाजूला ठेवून ही यादी पाहिली की तिच्यातील शास्त्र स्पष्ट होते. येथे भुताची जात त्याच्या दुष्टपणावरून ठरत नाही, त्याच्या आयुष्यात काय राहून गेले यावरून ठरते. सोडमुंज राहिली, संसार राहिला, वारस राहिला, अग्नी मिळायचा राहिला, आणि जे राहिले तेच मागणे होऊन उरते. भगत किंवा देवऋषी या मागण्याचा शोध घेतो, अंगात आलेल्याला 'काय पाहिजे' असे विचारतो आणि उतारा, नारळ किंवा नवस यांच्या रूपाने सौदा ठरवतो. यादीत मेलेला माणूस, ग्रामरक्षक आणि छोटे दैवत यांच्यामध्ये पक्की भिंत नाही. मान चुकला की राखणदार बाधा होतो, मान चालू झाला की बाधा राखणदार होते. हद्द आणि देणे या दोन कल्पनांवर ही सगळी व्यवस्था उभी आहे, आणि भूत मारून टाकणे ही गोष्ट तिच्यात जवळजवळ बसतच नाही.

यादीचा दुसरा गुण लपवण्याजोगा नाही. ब्राह्मण मेला तर ब्रह्मग्रह, महार किंवा मांग मेला तर खवीस, अशी वाटणी करून जिवंतपणीची जातव्यवस्था तिने मरणानंतरही चालू ठेवली आहे, आणि स्त्रीची तर ओळखच नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून केली आहे. भूमिकाखेळांत पात्रांचे 'वर्ग' करण्याची जुनी प्रथा असल्याने ही यादी जशीच्या तशी उचलून तिचे वर्ग करण्याचा मोह अभ्यासू सूत्रधारालाही होईल. तो मोह आवरला पाहिजे, कारण तसे केल्यास मनोरंजनाच्या नावाखाली जातच पुन्हा आकड्यांत मांडली जाईल. यादीतून घ्यायचे ते 'काय राहिले' हे सूत्र.

आता खेळांकडे वळावे. प्रशियाच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगस्पील' हा नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. त्याच परंपरेतून अमेरिकेतील छंदी मंडळींचे युद्धखेळ आले, आणि १९६९ ते १९७३ या काळात डेव्हिड वेस्ली, डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या प्रयोगांतून सेनापतीऐवजी एकाच माणसाची भूमिका घेण्याची कल्पना रुजली. १९७४ साली प्रसिद्ध झालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा तिचा पहिला छापील अवतार. युद्धखेळाच्या पोटातून आल्यामुळे त्यात प्रत्येक जीवाला इजा सोसण्याचे ठरावीक गुण असतात, ते शून्यावर आले की जीव संपतो, आणि भुताखेतांनाही हाच हिशेब लागू होतो. त्यांचा वेगळेपणा एवढाच की काहींच्या स्पर्शाने पात्राची कमावलेली पायरी उतरते आणि पुरोहित वर्गाचे पात्र देवाच्या नावाने त्यांना पळवून लावू शकते. या पुरोहित वर्गाचा जन्मही मोठा गमतीचा आहे: आर्नेसनच्या खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू होऊन भलतेच बलवान झाले, त्याला आवर घालण्यासाठी दुसऱ्या पात्राला ही शक्ती देण्यात आली. नायगावच्या देवचाराला इजेचे गुण लावले की तो शिवेवरचा राखणदार राहत नाही, वाटेतला अडथळा होतो. त्याला हरवणाऱ्या पात्रांना अनुभवाचे गुण मिळतील, पण गावाची राखण कोण करणार हे नियमांना विचारता येणार नाही.

१९८१ साली सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ कथुलू' आला आणि हिशेबाचे केंद्र शरीरावरून मनावर गेले. अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथांवर बेतलेल्या या खेळात पात्राला मनःस्थैर्याचे गुण असतात. अमानुष काही पाहिले किंवा वाचले की ते घटतात आणि संपले की पात्र वेडे होऊन खेळातून जाते. मूळ काळ १९२० च्या दशकाचा होता, परंतु १९८७ च्या पुरवणीने तो वर्तमानात आणला. भयकथेच्या दृष्टीने ही पद्धत अतिशय परिणामकारक आहे, आणि नारायण धारपांच्या वाचकाला तिची जात ओळखीची वाटेल, कारण मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे, माणसाविषयी पूर्ण उदासीन असे अनिष्ट धारपांच्या अनेक कथांत भेटते. तथापि खाडीकाठच्या समजुतीत भूत उदासीन नसते. ते ओळखीचे असते, बहुधा नात्यातले असते आणि त्याला काहीतरी हवे असते. त्याच्या दर्शनाने वेड लागण्यापेक्षा 'याचे काय राहिले' हा विचार घरात आधी सुरू होतो. धारपांच्याच 'समर्थ' या नायकाच्या कथा खेळायच्या असतील तर मात्र कथुलूची पद्धत हातची सोडू नये.

नंतरच्या दशकात वर्तमानकाळातील अलौकिकाचे खेळ झपाट्याने वाढले. १९८४ चा 'चिल' हा भूतसंशोधक संस्थेच्या सदस्यांचा खेळ होता; १९८६ साली 'घोस्टबस्टर्स' चित्रपटावरचा विनोदी खेळ आला आणि त्याच वर्षी स्टीव्ह जॅक्सन या अमेरिकी रचनाकाराची 'गर्प्स' ही कोणत्याही काळाला आणि भूमीला लागू पडावी अशी सर्वसाधारण पद्धती प्रसिद्ध झाली. नाशिकच्या जॅक्सनशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. मात्र सगळ्या जगाचे अनुभव एकाच प्रश्नावलीत बसवण्याची हौस दोघांतही दिसते. सर्वसाधारण पद्धतीचा दोष असा की तिच्यात सगळे काही बसते आणि कशालाच अग्रक्रम मिळत नाही. मिठागराचा बांध, भगताचा उतारा आणि पोलिसाची मोटारसायकल तिथे एकाच तपशिलाने मोजली जातात.

१९९१ सालच्या मार्क राइन-हेगन यांच्या 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड'ने मोठी उलथापालथ केली. त्यात खेळाडू स्वतःच रक्तपिपासू असतो, शहर त्याच्यासारख्यांच्या गुप्त दरबारांत वाटलेले असते, आणि भूक भागवताना माणुसकीचे गुण किती शिल्लक राहतात हा मुख्य हिशेब असतो. शहर हे सत्तेचे, हद्दींचे आणि उपकारांच्या देवघेवीचे जाळे आहे हा विचार येथे प्रथमच ठसठशीतपणे रुजला. परंतु त्याचा नैतिक गाभा ख्रिस्ती पापकल्पनेत आहे: शाप एकट्याचा, पतन एकट्याचे आणि अपराधभावही एकट्याचा. कोकणी समजुतीत आजोबांनी चुकवलेला मान नातवाला भोवतो, म्हणजे देणे घराचे आणि गावाचे असते. वसईच्या ख्रिस्ती वस्तीमुळे येथे पापकल्पनाही परकी नाही. एकाच खाडीकाठावर चुकलेला मान आणि कबूल न केलेले पाप शेजारी राहतात, हे या भूमीचे वेगळेपण कोणत्याही छापील नियमपुस्तकाला पूर्णपणे पेलणारे नाही.

२०१० हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरले. जिम बुचर यांच्या कादंबऱ्यांवरचा 'ड्रेस्डेन फाइल्स' हा खेळ त्या वर्षी आला, आणि त्याने पात्रे बनवण्याआधी सर्व खेळाडूंनी मिळून आपले शहर रचावे, त्यातील ठिकाणे, तिथली माणसे आणि तिथला तणाव लिहून काढावा, अशी रीत घालून दिली. पाणजू, कोळीवाडा, जूचंद्राची टेकडी, बापाणे फाटा, महामार्ग आणि नव्या वसाहती यांचा नकाशा सूत्रधाराने एकट्याने आखण्यापेक्षा सर्वांनी बसून आखणे केव्हाही चांगले, कारण कोणती वाट रात्री टाळतात हे ज्याच्या घरात बोलले गेले असेल तोच ते सांगू शकतो. त्याच वर्षी व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांचा 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' प्रसिद्ध झाला; त्याच्या साच्यावर पुढे अनेक खेळ रचले गेले. सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम साधते, सात ते नऊ आली तर साधते पण काही किंमत मोजावी लागते, सहा किंवा कमी आली तर सूत्रधार संकट आणतो, असा तो साचा आहे.

या तीन उत्तरांच्या रचनेचे कोकणातील कौलाशी असलेले साम्य लक्ष वेधून घेते. कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला किंवा पाषाणाला तांदूळ, फूल वा पान चिकटवून प्रश्न विचारणे. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार, आणि काहीच पडले नाही तर गुरव गाऱ्हाणे पुन्हा घालतो, प्रश्न बदलतो किंवा आणखी काही कबूल करतो. तिसऱ्या शक्यतेतच सौद्याला जागा मिळते. सात ते नऊची बेरीज खेळात नेमके हेच काम करते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या वीस बाजूंच्या फाशाचे उत्तर बहुधा लागले किंवा चुकले एवढेच असते; त्यात मागणे आणि कबूल करणे यांना वाव कमी.

या साच्यावर अँड्र्यू मेडेरोस आणि मार्क डायझ ट्रुमन यांनी २०१५ साली 'अर्बन शॅडोज' हा खेळ रचला, आणि नायगावच्या मोहिमेसाठी आज उपलब्ध असलेल्या पद्धतींत तोच सर्वांत जवळचा ठरतो. आधुनिक शहरातील माणसे, मेलेले आणि शापित, मंत्रशक्ती बाळगणारे आणि मानवेतर जीव असे चार गट त्यात असतात. पात्रांमधल्या देण्याला तिथे 'डेट' नावाचा स्वतंत्र नियम आहे: कोणाचे कोणाकडे किती देणे आहे हे खेळाच्या आरंभीच लिहिले जाते, देणे वसूल करून काम करवून घेता येते, आणि देणे नाकारायचे तर फासे टाकून त्याचा परिणाम सोसावा लागतो. गिऱ्ह्याचा केस हाती असलेला माणूस, वर्षाचा मान घेऊन राखण करणारा देवचार, ठेव्याच्या बदल्यात वारस मागणारा समंध, या सर्वांना येथे नवे नियम न बनवता जागा मिळते.

तरीही ही पद्धती जशीच्या तशी वापरता येणार नाही, आणि त्याचे कारण तिच्या अमेरिकी शहरकल्पनेत आहे. तिच्यातले देणे एका पात्राचे दुसऱ्या पात्राला असते आणि पात्र शहर सोडून गेले की ते सैल पडते. खाडीकाठी देणे जमिनीला चिकटलेले असते. खाजणात भराव घालून इमारत उभी राहिली, तिथे दूरदूरहून आलेली कुटुंबे राहू लागली, आणि ज्या शिवेवर दरवर्षी नारळ फुटत असे ती रस्त्याखाली गेली, तर राखणदाराचा मान कोणी द्यायचा: जमीन विकलेल्या आगरी कुटुंबाने, विकासकाने, की ज्यांना हद्द ठाऊकच नाही अशा रहिवाशांनी? आधुनिक अलौकिक मोहिमेचा याहून सकस विषय या परिसरात सापडणे कठीण, म्हणून देण्याचा नियम वाढवून घर, गाव आणि जागा यांच्या नावावरही देणे लिहिण्याची सोय करावी लागेल. चार गटांऐवजी कोळीवाडा, आगरी गाव, ख्रिस्ती वस्ती, नवी वसाहत आणि स्टुडिओ अशा वस्त्यांच्या नावे देण्याचे खाते ठेवणे अधिक योग्य होईल. आणि वेळेची मोजणी तासांपेक्षा भरती-ओहोटीने, उधाणाने आणि भांगाने (म्हणजे कमी भरतीच्या दिवसांनी) केली तर खाडी स्वतःच एक पात्र होईल.

भगताच्या पात्राबाबत वर्तमानकाळाची एक अट पाळावी लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, दोराने बांधणे, चटके देणे हे तेव्हापासून स्पष्टपणे गुन्हा आहे. आजच्या नायगावात खेळणाऱ्या मोहिमेत हा कायदा पार्श्वभूमीला ठेवून भागणार नाही. उतारा ठरवणारे पात्र, त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन आलेली अंधश्रद्धा निर्मूलनाची कार्यकर्ती आणि दोघांचेही देणे लागणारा पोलीस, हे तिघे एकाच टेबलावर खेळाडूंच्या हाती दिले तर खेळाला वजन येते, आणि कार्यकर्तीचे म्हणणे नियमांत कमी बळाचे ठेवले तर खेळ अप्रामाणिक होतो.

राहता राहिला साधनांचा व्यावहारिक मुद्दा. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे सुरुवातीच्या काळात अमेरिकेतसुद्धा शालेय साहित्य विकणाऱ्या कंपनीकडून मिळवावे लागत. आजही ते खास मागवावे लागतात. 'अर्बन शॅडोज'ला सहा बाजूंचे दोन फासे पुरतात, आणि ते सापशिडीच्या किंवा ल्यूडोच्या कोणत्याही डब्यात असतात. नियमपुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून सूत्रधाराला पात्रांची पाने मराठीत उतरवून घ्यावी लागतील, आणि ते काम करताना 'डेट' या नियमापुढे देणे, मान, नवस आणि राखण असे चार वेगळे रकाने आखले तर अर्ध्याहून अधिक रूपांतर तिथेच पार पडेल.